मिरजेतलं श्रवणयंत्र केंद्र आणि विक्रम गोखल्यांचा पॉज

आप्पांसाठी दोन महिन्यांपूर्वी मिरजेतून दोन्ही कानांची यंत्रं घेतली. लक्ष्मी मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर हे केंद्र आहे. लिहायला मुद्दाम थांबले, कारण पहिल्या आठवड्यात कुठलंही यंत्र चांगलंच वाटतं. खरं कळतं ते नंतर.

आप्पा ८१ वर्षांचे. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पण जीव नाटकात. राज्य नाट्य स्पर्धेत सांगलीच्या हौशी मंडळींची नाटकं भावे नाट्यमंदिरात व्हायची, तेव्हा विंगेत वही घेऊन बसलेले प्रॉम्प्टर म्हणजे आमचे आप्पा. पंचवीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं. नट म्हणून त्यांनी मनापासून मानलं ते विक्रम गोखल्यांना, आणि गेल्या चार-पाच वर्षांत नेमके तेच त्यांना ऐकू येईनासे झाले होते.

बाकीच्या मालिका निभायच्या. आवाज चाळीसवर नेला की भांडण, रडणं, ढणढण संगीत, सगळं पोचायचं. विक्रम गोखले मात्र हळू बोलायचे. वाक्याच्या मध्येच थांबायचे आणि पुढचा शब्द आणखी खालच्या आवाजात टाकायचे. ‘अग्निहोत्र’चे जुने भाग मी मोबाईलवरून टीव्हीवर लावून द्यायची. त्यातले मोरेश्वर अग्निहोत्री, म्हणजे गोखलेच, बोलायला लागले की आप्पा खुर्ची पुढे ओढायचे आणि पाच मिनिटांत उठून जायचे. “नुसते ओठ हलतात गं,” म्हणायचे.

त्यांच्या मते पॉज ही प्रॉम्प्टरची खरी परीक्षा. नट थांबलाय की विसरलाय, हे एका श्वासात ओळखायचं. विसरला असेल आणि तुम्ही गप्प राहिलात तर नाटक पडतं. थांबला असेल आणि तुम्ही शब्द दिलात तर त्याची जागा मारली जाते. गोखल्यांचं ‘बॅरिस्टर’ नाटक पाहून आल्यावर म्हणाले होते, या माणसाला शब्द द्यायची माझी छाती झाली नसती.

दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात साडेतीन हजारांचं तयार यंत्र घेतलं होतं. कुकरची शिट्टी, पंखा, बाहेरची रिक्षा, सगळं सारखंच मोठं करायचं ते. वर जेवताना शिट्टी वाजायची. आठ दिवसांत ते कपाटात गेलं.

इथं सुरुवातच वेगळी झाली. बंद खोलीत बसवून अर्धा तास चाचणी घेतली आणि मग कान तपासणाऱ्या मॅडमनी आलेख समोर ठेवून समजावला. आप्पांचे खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत आहेत, २००० हर्ट्झच्या वर रेघ धाडकन खाली येते. म्हणजे अ, आ, ओ ऐकू येतात. स, श, फ, थ, त गळतात. ‘थांब’चं ‘आंब’ होतं. टीव्हीचा आवाज वाढवला की जे ऐकू येतंच आहे तेच आणखी मोठं होतं, गळलेलं परत येत नाही. इतकी वर्षं आम्ही घरात आप्पांशी ओरडून का बोलत होतो आणि ते का चिडत होते, हे मला त्या दिवशी कळलं. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी थेट आप्पांना विचारलं, माझ्याकडे न बघता, “काका, तुम्हाला मुख्य काय ऐकायचंय?” आप्पा म्हणाले, “विक्रम गोखले.” मॅडमनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी त्यांचा एखादा प्रसंग फोनवर घेऊन या म्हणाल्या. या एका प्रश्नासाठी मी हे केंद्र कुणालाही सुचवीन.

दुसऱ्या भेटीत यंत्रं लॅपटॉपला जोडून तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावला. आधी आवाज पत्र्यासारखा लागला. त्यांनी वरचे सूर थोडे उतरवले, पुन्हा लावला, पुन्हा विचारलं. पाचव्या-सहाव्या वेळी आप्पा म्हणाले, “जवारी लागली.” तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा सूर भरून आणि स्वच्छ घुमणं, मिरजेत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मॅडमनाही लागली नाही.

आप्पा खुलले आणि तिथंच बोलत बसले. या गोखले घराण्याचा आवाज कसा चालत आला बघा, म्हणाले. विक्रम गोखल्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई, दोघी फाळक्यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई पार्वती, कमलाबाई मोहिनी. चित्रपट मूक, म्हणजे आवाज असून कुणाला ऐकू गेला नाही. वडील चंद्रकांत गोखले १९२१ साली इथं मिरजेतच जन्मले. माईक नसलेल्या रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणाऱ्यांची ती पिढी. आणि विक्रमना मिळाला कॉलरला लावलेला माईक. मलाही हे पटतं. रंगभूमीवरची कितीतरी चांगली मंडळी मालिकेत येऊनही शेवटच्या रांगेशीच बोलत राहतात. ‘या सुखांनो या’ असो की ‘अग्निहोत्र’, विक्रम गोखले समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलायचे. रोज रात्री आपल्या घरात येणाऱ्या माणसानं असंच बोलावं.

त्याच माणसाला २०१६ मध्ये घशाच्या दुखण्यानं रंगभूमी सोडावी लागली. सांगलीत दिलं जाणारं विष्णुदास भावे गौरव पदक त्यांना मिळालेलं, म्हणजे सांगलीशी नातं होतंच. २६ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात ते गेले, तेव्हा टीव्हीवर बातमी चालू असून आप्पांना कळेना. मी कॅलेंडरच्या पानामागे लिहून दाखवलं. ते पान त्यांनी अजून जपून ठेवलंय.

आता व्यवहाराचं. दोन्ही यंत्रांचे मिळून ६४,००० रुपये झाले. कानामागे बसतात, बारीक तार कानात जाते. आधी दहा दिवस वापरायला दिली, पैसे नंतर घेतले. टीव्हीला जोडायचं वेगळं उपकरण मी स्वतः मागितलं, तर “आधी याच्यावर बघा, गरज पडली तर घ्या,” म्हणाल्या. गरज पडली नाही. बॅटरी ३१२ नंबरची, आठवडाभर जाते. तपकिरी चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग झाकण लावायचं, हे आप्पांना तिथल्या मुलानं तीनदा करायला लावलं. रात्री ठेवायला ओल शोषणारी डबी सोबत मिळते.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. एकोणीस पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. इथं येणारी बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची, याचा विचार व्हायलाच हवा. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. शनिवारी वेळ घेऊनही आम्ही पाऊण तास बसलो.

पहिल्या रात्री घरी आवाज चौदावर ठेवून तोच भाग लावला. मोरेश्वर बोलता बोलता थांबले. आप्पांचा हात मांडीवरून उचलला गेला, विंगेत वहीवरच्या ओळीवर बोट असायचं तसा, आणि हवेतच राहिला. स्वयंपाकघरात आईनं नळ बंद केला. शब्द आला. “त आला,” आप्पा म्हणाले. “त स्वच्छ आला.” मग तोच भाग त्यांनी दोनदा मागं घेऊन बघितला.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आप्पांनी त्यासाठी एक दोनशे पानी वही केलीय. पंखा चालू असताना कुठले शब्द निसटतात ते तारखेसकट लिहून ठेवतात. कालपर्यंत अकरा झाले होते.