डेटा सफिशियन्सी: समीकरण मांडावं की आकडे घालून पाहावेत?

एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत डेटा सफिशियन्सीचे प्रश्न असतात: एक प्रश्न आणि दोन विधानं देतात, उत्तर काढायला कोणतं विधान पुरतं तेवढंच सांगायचं. त्यासाठी दोन वाटा आहेत: क्ष-य धरून समीकरण मांडायचं, किंवा थेट आकडे घालून बघायचं. मी इंजिनिअरिंगचा, त्यामुळे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत चार महिने पहिल्याच वाटेने बसलो. मग बदलली.

समीकरण वाईट मुळीच नाही. न पूर्णांक असेल तर न² + न नेहमी सम येतं का, हे तीन आकडे घालून पटेल, पण सिद्ध होणार नाही. न(न + १), म्हणजे लागोपाठच्या दोन संख्या, त्यातली एक सम असणारच. ही खात्री बीजगणितच देतं.

मला छळलं ते एकाच गोष्टीने. विधान १ चं समीकरण कागदावर असतं, त्याखाली विधान २ चं लिहिलं की दोन्ही एकत्र सोडवायला हात शिवशिवतो. उत्तर इतकं सुबक निघतं की सी, म्हणजे ‘एकेकटं पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात’ हा पर्याय, निवडून आपण पुढे जातो.

हे बघा. चाटी गल्लीतून ३५० रुपयांच्या काही चादरी आणि १२० रुपयांचे काही टॉवेल घेतले. चादरी किती? विधान १: बिल १,०६० रुपये झालं. विधान २: टॉवेल चादरींपेक्षा एकाने जास्त.

समीकरणवाला म्हणतो, दोन अज्ञात आहेत, दोन्ही विधानं लागणार. सी. आता आकडे घाला. तीन चादरी घेतल्या तर १० रुपये उरतात, त्यात टॉवेल येत नाही. दोन घेतल्या तर ३६० उरतात, बरोबर तीन टॉवेल. एक घेतली तर ७१०, एकही नाही घेतली तर १,०६०. दोन्हींना १२० ने भाग जात नाही. म्हणजे चादरी दोनच. विधान १ एकटं पुरतं, विधान २ एकटं पुरत नाही, म्हणजे पर्याय ए. अर्धी चादर कुणी विकत नाही, ही गोष्ट समीकरणात कुठे लिहिलेलीच नसते.

आकड्यांच्या वाटेवर वेळ जातो, असं म्हणतात. थोडा जातोही. पण नोव्हेंबर २०२३ पासून नव्या परीक्षेत हे प्रश्न डेटा इनसाइट्स या विभागात येतात आणि तिथे स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. मला तरी ती पुरली. खरा धोका आहे तो फक्त २, ३, ५ असे सोयीचे आकडे घेण्याचा. म्हणून मी कागदाच्या डोक्यावर आधीच लिहून ठेवायचो: ०, १, -१, १/२, -१/२.

तुमचं बीजगणित पक्कं असेल तर ते सोडा असं मी म्हणणार नाही. पण सरावात पुन्हा पुन्हा सी चुकत असेल, तर आठवडाभर सुरुवात आकड्यांनी करून बघा. दोन आकड्यांनी दोन वेगळी उत्तरं आली की ते विधान तिथेच बाद. तीन-चार वेळा एकच उत्तर आलं, तर मग समीकरण मांडा. आणि विधान २ वाचताना पहिलं विधान तळहाताने झाकून ठेवा. मी अजूनही झाकतो.