छोट्या विमानतळाभोवतीचा आवाज: मोजावा की गणिताने काढावा?

बारामती किंवा गोंदियाजवळील बिरसी यांसारख्या, प्रशिक्षणाच्या विमानांची वर्दळ असलेल्या विमानतळाभोवतीचा आवाज ठरवायचा झाल्यास दोन मार्ग समोर येतात: ध्वनिमापकाने प्रत्यक्ष मोजणी किंवा संगणकीय प्रतिमान.

प्रतिमानांपैकी अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे ‘एईडीटी’ विशेष परिचित असून 2015 मध्ये त्याने जुन्या ‘आयएनएम’ची जागा घेतली. इंजिनाची शक्ती आणि अंतर यांनुसार प्रत्येक विमानाच्या आवाजाचे तक्ते त्यात तयार असतात. उड्डाणांची संख्या, वेळ आणि मार्ग भरले की समान पातळीच्या रेषा नकाशावर उमटतात. धावपट्टी वाढवायची असेल किंवा नवी उड्डाण अकादमी येणार असेल, तर प्रतिमानच घ्यावे लागते, कारण अद्याप न झालेल्या उड्डाणाचा आवाज मोजता येत नाही.

मात्र छोट्या विमानतळावर घोडे अडते ते भरायच्या माहितीपाशी. ‘टच अँड गो’च्या (धावपट्टीला टेकून न थांबता पुन्हा उडण्याच्या सरावाच्या) एका फेरीत एक लँडिंग आणि एक टेकऑफ अशा दोन हालचाली असतात, सगळी उड्डाणे अशीच असताना प्रत्येक फेरी एकच हालचाल धरली, तर उत्तर 3 डेसिबलने कमी येते. मार्गाची चूक त्याहून महागात पडते: नवशिक्या वैमानिकाचे सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीचा मार्ग, आत-बाहेर सरकते, आणि विमान घरापासून 600 ऐवजी 300 मीटरवरून गेले की कमाल पातळी साधारण 6 डेसिबलने चढते.

मोजणीत असे गृहीत धरावे लागत नाही, पण विमानाचा आवाज ट्रॅक्टर, रहदारी आणि वारा यांच्यापेक्षा निदान 10 डेसिबल वर नसेल, तर तो वेगळा काढणे कठीण जाते. शिवाय वाऱ्यानुसार टेकऑफची दिशा बदलते, म्हणून पावसाळ्यातल्या एका आठवड्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढू नये.

दोन्ही मार्गांत सरासरीपासून सावध राहावे. प्रत्येकी 85 डेसिबल ध्वनि-प्रभावाची (म्हणजे एका उड्डाणाची सारी ध्वनिऊर्जा एका सेकंदात एकवटली असे धरून काढलेल्या पातळीची) 100 उड्डाणे दिवसाच्या 16 तासांत विभागली, तर सरासरी जेमतेम 57.4 डेसिबल भरते. अंगणातले बोलणे शंभर वेळा तुटते, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यामुळे अहवालात घटनांची संख्या स्वतंत्रपणे मागावीच.

तक्रार आजच्या उड्डाणांविषयी असेल, तर वेगवेगळ्या ऋतूंतली मोजणी पुरेशी आहे. विस्ताराचा निर्णय असेल, तर प्रतिमान घ्यावे. पण महागड्या सल्लागारापेक्षा आधी उड्डाणांची मोजदाद आणि खऱ्या मार्गांची नोंद यांवर खर्च करावा, आणि दोन-तीन घरांपाशी मोजलेले आकडे प्रतिमानाशी जुळतात का, हे पाहूनच नकाशा स्वीकारावा.