हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम: जेवण झकास, तंबू बेताचा, वाट पारखून घ्या

हरिश्चंद्रगडावर आता उपाशी राहायची वेळ सहसा कुणावर येत नाही. पायथ्याच्या पाचनई आणि खिरेश्वर या दोन्ही गावांत घरोघरी जेवणा-मुक्कामाची सोय होते. हंगामात, त्यातही शनिवार-रविवारी, वर हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराच्या आसपास झोपड्या लागतात आणि चहा, पोहे, पिठलं-भाकरी मिळते. तंबू भाड्याने मिळतो, वाटाड्याही मिळतो. हे परीक्षण या सगळ्या सोयीचं आहे, एखाद्या घराचं किंवा झोपडीचं नाही. घराघरांत फरक आहेच, पण कुठे काय बिघडतं ते बहुतेक सगळीकडे सारखंच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. खाली गावात मुक्काम करून पहाटे गड चढणं हा सगळ्यात चोख सौदा आहे. गडाच्या पश्चिम टोकाच्या उभ्या कोकणकड्याजवळ तंबूत राहणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पैसे वसूल करतं, पण तंबू डोळ्यांखालून घातल्यावरच. पावसाळ्यात तंबूत राहण्यात काही अर्थ नाही.

आधी जेवण, कारण या सेवेचा तोच सगळ्यात भरवशाचा भाग आहे. भाकरी तांदळाची किंवा नाचणीची, चुलीवरची. सोबत पिठलं, बटाट्याची किंवा कडधान्याची रस्साभाजी, आमटी-भात आणि ठेचा. अकोले तालुक्याचा हा डोंगरपट्टा भात, नाचणी, वरई आणि खुरासणीचा आहे, तेव्हा खुरासणीची चटणी आवर्जून मागावी. मागितल्याशिवाय ती ताटात येईलच असं नाही. तिखट सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा. ताट वाढल्यावर सांगून उपयोग नसतो, सगळ्यांची आमटी एकाच पातेल्यात शिजलेली असते.

बिघडतं ते वेळेचं. वीस जणांचा गट रात्री आठला टपकतो आणि साडेआठला ताटं मागतो. माणशी तीन म्हटलं तरी साठ भाकऱ्या झाल्या. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी होते. थापणं, टाकणं, उलटणं आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवणं यात दोन मिनिटं सहज जातात. म्हणजे एका चुलीचं हे दोन तासांचं काम. घाई केली की भाकरी कडेला कच्ची राहते आणि दोष बाईंच्या माथी मारला जातो. माणसांचा आकडा आणि जेवणाची वेळ दुपारी बारापूर्वी फोनवर कळवा. दर ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: भाकरी पोटभर की मोजून, सकाळचा चहा-नाश्ता धरून की वेगळा, आणि प्यायचं पाणी कुठलं.

पाण्याचा प्रश्न वरच्या झोपड्यांत जास्त महत्त्वाचा. गडावर खोदीव टाकी आहेत, मंदिराजवळ सप्ततीर्थ पुष्करणी आहे. पण गर्दीच्या दिवसांत सगळ्याच पाण्यात हात, भांडी आणि प्लास्टिकच्या बाटल्या पडतात. प्यायला झोपडीत उकळलेलं पाणी मागावं नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. गोळी विरघळली की लगेच बाटली तोंडाला लावणारे पुष्कळ दिसतात.

गावातला मुक्काम साधा असतो. पडवीत किंवा आतल्या खोलीत सतरंजी, चादर, डोक्यावर पत्रा किंवा कौल. थंडीत पांघरूण आपलं न्या. मोबाइल चार्ज करायला एक-दोनच बटणं आणि त्यांवर दहा जणांचा डोळा, म्हणून पॉवर बँक भरून आणा. शौचालयाची सोय खाली मिळते. वर मात्र या बाबतीत हाल आहेत आणि या सेवेतली सगळ्यात मोठी खोट हीच. त्यामुळे टाक्यांच्या वरच्या उतारावर घाण होते आणि पावसात तीच खाली उतरते. पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जा, वीतभर खड्डा करा आणि माती लोटा. ओल्या टिश्यूचे तुकडे मात्र मातीत गाडूनही कुजत नाहीत, ते पिशवीत घालून खाली आणायचे.

आता तंबू. ‘तीन जणांचा तंबू’ म्हणजे पाठपिशव्यांसकट दोन जणांचा, हे धरूनच हिशेब करा. भाड्याचे बहुतेक तंबू घुमटाकार, हलके आणि एकाच कापडाचे असतात. त्यात दोघं झोपले की श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात. मग लोक म्हणतात तंबू गळतो. खरं तर गळत नसतो, हवा कोंडलेली असते. वरची जाळीची खिडकी पूर्ण बंद करू नका. दोन कापडांचा तंबू मिळाला तर वरचं कापड आतल्याला टेकलेलं नाही ना, एवढं पाहा. टेकलं की तिथूनच ओल धरते.

पैसे देण्यापूर्वी तंबू उभा करून घ्या आणि चार जागा तपासा. दारची चेन दोन्ही टोकांपर्यंत सरकते का? फायबरच्या दांड्यांच्या सांध्याला चीर गेलीय का? खालच्या कापडाला, विशेषतः कोपऱ्यांत, भोकं आहेत का? आणि ताणाच्या दोऱ्या पूर्ण आहेत का? दोऱ्या हमखास कमी निघतात. कोकणकड्याच्या पठारावर कातळावर मातीचा जेमतेम थर आहे. त्यात खुंटी बोटभर जाते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटते. तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधावी लागते. वारा बहुधा कड्याकडून वर येतो, तेव्हा दार कड्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि तंबू कड्याच्या धारेपासून भरपूर आत लावून घ्या. रात्री झोपेत उठून दहा पावलं जाणारा माणूस कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नसतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होऊ शकतो. भाड्याच्या झोपायच्या पिशवीला तेवढी ऊब नसते. अंगाखाली जाड चटई हवी, कारण थंडी खालच्या कातळातून जास्त भरते. आणि शेकोटीचा हट्ट नको. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ सालचं आहे, म्हणजे नियम काही कालचे नाहीत. कारवीची आणि वाळलेल्या फांद्यांची मोळी पेटवून पाहुण्यांना खूश करणारा यजमान दिसला तर नको म्हणण्याचं काम आपलं. कड्यावर तंबू लावू देण्याबाबतचे नियम बदलत असतात. वर जाण्यापूर्वी वनखात्याकडे नोंद करा, पावती घ्या आणि तिथेच विचारा.

मुक्काम कुठे करायचा हे वाटेवर ठरतं. पाचनईची वाट सोपी, दोन ते अडीच तासांची. गावातून चढ संपला की वाट उंच कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते, डोक्यावर पुढे आलेला कडा, एका बाजूला रेलिंग. पुढे ओढा ओलांडून मंदिर. सावली बरी आहे, माणशी दोन लिटर पाणी पुरतं, वाटेत सरबतवाले भेटतात. मुलं, वयस्कर माणसं, पहिल्यांदा गड चढणारे यांना हीच वाट. अडचण दोनच. जोराच्या पावसात ओढ्याचं पाणी तासाभरात चढतं. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर उतरू नये, काठावर थांबावं. पाऊस ओसरला की तेही उतरतं. दुसरी अडचण सुट्टीच्या दिवशी रेलिंगपाशी होणाऱ्या कोंडीची. तिच्यावर पहाटे सहाला निघणं हा एकच इलाज.

खिरेश्वरची वाट चार ते पाच तास खाते आणि खरा ट्रेक हाच. कल्याण-माळशेज-आळेफाटा रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटरवर गाव. गावाबाहेरचं नागेश्वराचं जुनं मंदिर चुकवू नका, छतावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. तिथून तास-दीड तासात टोलार खिंड. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे आणि वाट चुकण्याची जागाही हीच. सरळ पलीकडे उतरलात तर कोठळ्याला पोहोचाल. गडाची वाट डावीकडे वर कातळावर जाते, रेलिंग दिसलं की बरोबर. हा कातळटप्पा कोरडा असताना काहीच नाही, ओला असताना शेवाळाने निसरडा. तळव्याच्या खाचा झिजलेले बूट इथे लगेच उघडे पडतात. उतरताना तोंड कातळाकडे करा आणि रेलिंगवर सगळा भार टाकू नका, त्यातले काही खांब हलतात.

कातळ संपला म्हणजे पोहोचलो, असं वाटणाऱ्यांची पुढे फजिती होते. पुढे बालेकिल्ल्याच्या बाजूने चढ-उतारांची रांग सुरू होते. एक टेकाड उतरलं की दुसरं पुढे उभंच. फेब्रुवारीनंतर या पट्ट्यात पाण्याचा भरवसा नाही, म्हणून खिरेश्वरहून निघताना तीन लिटर हवंच. दुपारी एकनंतर निघणाऱ्याला हा भाग अंधारात गाठतो. आमची शिफारस: चढा खिरेश्वरकडून, उतरा पाचनईकडे. गाडी मात्र स्वतःची नको, नाहीतर ती डोंगराच्या भलत्याच बाजूला राहते. पाचनईहून राजूरला एसटी मोजक्याच आहेत, जीप यजमानांकरवी आधी ठरवावी.

नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या कुशीतून वर येते. ती या परीक्षणात नाही म्हटलं तरी चालेल. मोठमोठे धोंडे, कातळटप्पे, दरीवरची आडवी वाट, अख्खा दिवस. दोर, तो वापरता येणारा माणूस आणि बेलपाड्याचा वाटाड्या, तिन्ही नसतील तर विषय सोडा. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

वाटाड्या इतर वाटांवर घ्यावा का? स्वच्छ हवेत पाचनईला गरज नाही, पायवाट मळलेली आहे. धुक्यात मात्र मंदिर ते कोकणकडा हा अर्ध्या-पाऊण तासाचा पठारी तुकडा फसवा होतो. ओढ्यांच्या कोरड्या चरी पायवाटेसारख्याच दिसतात. तेवढ्यासाठी पाचनईतल्या माणसाला दिलेले पैसे फुकट जात नाहीत. चांगला वाटाड्या केदारेश्वराची गुहा, चांगदेवांच्या वास्तव्याच्या खुणा, तारामतीचं शिखर हे सगळं योग्य क्रमाने दाखवतो. केदारेश्वराच्या पिंडीभोवती कमरेएवढं थंडगार पाणी असतं आणि चार खांबांतला एकच शाबूत आहे. भर पावसात गुहेपुढचा ओढा ओलांडता येत नाही, तेव्हा त्या दिवसांत तिचा हट्ट नको.

वेळापत्रकात एक चूक जवळपास सगळेच ट्रेक-पॅकेजवाले करतात: ‘कोकणकड्यावर सूर्योदय’. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे बघायचा तो सूर्यास्त. सूर्योदयाला मंदिरापासून तासाभराच्या चढावर तारामती आहे. सकाळी कड्यावर जायचं असेल तर इंद्रवज्रासाठी जा. सूर्य पाठीशी थोडा वर आलेला आणि समोर दरीत धुकं, असं जुळलं तरच आपल्या सावलीभोवती ते गोल रंगीत कडं दिसतं. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साईक्सने याच कड्यावर ते पाहिल्याची नोंद आहे. कडा आतून पोखरल्यासारखा वळलेला आहे, म्हणजे आपण उभे असतो त्याखाली पोकळी असते. दरीत डोकवायचं ते पालथं झोपून, मागच्या माणसाने घोटे धरल्यावर.

मुंबई-पुण्याहून निघणारी रात्रीची पॅकेजं सोयीची आहेत, पण ती घेताना एक प्रश्न विचारा: किती माणसांमागे एक नेता? पंधरापेक्षा जास्त सांगितले तर दुसरीकडे बघा. शेवटच्या माणसामागे कुणी चालतंय का, प्रथमोपचाराची पेटी कुणाजवळ आहे, हेही विचारा. जेवण बहुतेकदा पाचनईतल्याच घरात असतं. चार-पाच जणच असाल तर थेट गावात फोन करून ठरवलेलं स्वस्त पडतं आणि सगळे पैसे चूल पेटवणाऱ्याच्या हातात जातात.

पैसे रोख न्या, तेही सुटे. वर रेंज मधूनच येते, यूपीआय अडकतं. शिवाय पहाटे निघणाऱ्यांनी हिशेब रात्रीच मिटवावा. भल्या सकाळी घरातली माणसं भातखाचरात किंवा गुरांमागे गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या म्हातारीला तुमच्या किती भाकऱ्या झाल्या ते ठाऊक नसतं.