डेक्सा स्कॅन सेंटरचा अनुभव: तपासणी छान, काउंटर नाही

डेक्सा म्हणजे हाडं किती दाट आहेत ते मोजणारा स्कॅन. पाचपैकी तीन स्टार. तक्रार आहे म्हणून सेंटरचं नाव टाकत नाही.

माझा दादा ५२ चा, १४ वर्षं रिस्पेरिडोन ही मानसिक आजारावरची गोळी चालू आहे आणि त्या गोळीमुळेच तो सावरलाय, हे आधी सांगते. जुलैत मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगटच मोडलं. एवढ्याशा पडण्याने? प्लास्टर झालं, पण कारण सांगितलं ते आमच्या सायकियाट्रिस्ट मॅडमनी, की या गोळीने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढू शकतं, मग पुरुषांत टेस्टोस्टेरॉन आणि बायकांत इस्ट्रोजेन कमी होतं आणि वर्षानुवर्षं हाडं विरळ होत जातात, त्यात दादाची सिगरेट आणि दिवसभर घरात पडून राहणं. प्रोलॅक्टिन, व्हिटॅमिन डी आणि डेक्सा लिहून दिलं.

पहिली फेरी फुकट गेली, कारण आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही हे फोनवर कोणी सांगितलंच नव्हतं. काउंटरवरच्या फॉर्ममध्ये स्टिरॉइड, थायरॉइड, सिगरेट सगळं विचारलंय, मानसिक आजाराच्या औषधांचं काहीच नाही. मी सांगितलं तर भरल्या हॉलमध्ये मोठ्याने "मेंटलची औषधं का?" दादाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला अजून राग आहे.

आतला टेक्निशियन मात्र सोन्यासारखा माणूस. माझ्याशी नाही, दादाशी बोलला. "काका, पायजम्याच्या नाडीला धातूचं काही नाही ना? आता पाय जरा आत वळवून या तिकोनी ठोकळ्याला बांधतो, दुखलं तर सांगा." मशीन उघडंच असतं, वरून फक्त एक दांडा सरकतो, त्यामुळे एमआरआयला घाबरणारा दादा पंधरा मिनिटं शांत पडून होता.

कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. दादाने घरी येताना रिक्षात विचारलं, "मग गोळी बंद करू का?" मॅडमना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, मनाने एक दिवस पण बंद करायची नाही, प्रोलॅक्टिन न वाढवणारी दुसरी गोळी हळूहळू लावता येते का ते त्या बघतायत आणि हाडांचं औषध वेगळं सुरू झालंय.

पुढचा स्कॅन इथेच करणार, कारण दुसऱ्या मशीनचे आकडे याच्याशी नीट जुळवता येत नाहीत. मॅनेजरना फॉर्मचं आणि काउंटरचं दोन्ही सांगितलंय, त्यांनी लिहून घेतलंय.