जुन्या शिडाच्या बोटीवर टेन्शन गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात बोट पुन्हा पाण्यात उतरवताना डोलकाठीला उभी धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण मोजणारे एक साधे टेन्शन गेज मी घेतले आणि मे अखेरीस, पावसाळ्यासाठी बोट वर काढेपर्यंत, ते नियमाने वापरले. बोट २६ फुटी, फायबरग्लासची, १९८०च्या दशकातली आहे. मुंबई बंदरात गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यात कायम टाकलेल्या नांगराला बांधलेली असते आणि मांडव्यापर्यंतची फेरी हा तिचा नेहमीचा रस्ता आहे. तिची डोलकाठी डेकमधून खाली पठाणापर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत गेलेली नाही, ती डेकवरच टेकलेली आहे, आणि या अनुभवाचे सगळे मूळ त्या टेकण्यात आहे.

गेज म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर दोन चाके आणि एक स्प्रिंग. चाके तारेला लावून दोरी ओढायची, हूक तारेवर बसला की पट्टीवरचा अंक वाचायचा आणि तक्त्यात तारेच्या जाडीसमोर त्याचे किलो बघायचे. माझ्या बाजूच्या मुख्य तारा १×१९ विणीच्या (एकोणीस धाग्यांच्या), ५ मिलिमीटर जाडीच्या आहेत. त्या सुमारे २,००० किलोंना तुटतात असे धरून त्याच्या १५ टक्के, म्हणजे ३०० किलो ताण ठेवायचे मी ठरवले. याआधी मी तार मुठीत धरून हलवायचो आणि अंदाज बांधायचो. हाताला २२० आणि ३०० किलोंमधला फरक कळत नाही, हे गेजने पहिल्याच दिवशी दाखवून दिले.

ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना ३०० किलो लावले. तीन आठवड्यांनी पाहतो तर दोन्हीकडे २२०. टर्नबकल (तार आवळायचे स्क्रू) दोन्ही बाजूंना सारखे फिरवून ताण पुन्हा ३००वर आणला. डिसेंबरच्या मध्यावर तो परत २२०च्या आसपास आला होता. तारा दोन वर्षांपूर्वी बदललेल्या असल्यामुळे नव्या तारेचे सुरुवातीचे ताणले जाणे केव्हाच संपलेले होते. एखादी चेनप्लेट, म्हणजे तार बोटीला जिथे जोडलेली असते ती पट्टी, उचलली जात असती तर त्याच बाजूचा आकडा उतरला असता. इथे दोन्ही बाजूंच्या तारा आणि त्यांच्याबरोबर पुढची नि मागची तार, अशा चारही एकदम सैल होत होत्या. यार्डातले सुतारकाका माझ्या वहीतले आकडे ऐकून डोलकाठीच्या बुडाशी उकिडवे बसले, अंगठ्याने डेक दाबून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, तार नाय ढिली होत. काठी खाली बसतेय.”

हिशेबही तेच सांगत होता. १×१९ विणीची तार दर २ मीटरला १ मिलिमीटर ताणली गेली की तिच्यावर तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ५ टक्के भार येतो. माझी तार ९ मीटर लांब आहे. ८० किलो उतरले याचा अर्थ काठी दर वेळी साडेतीन मिलिमीटरच्या वर खाली गेली होती. संडासाचे दार वरच्या कोपऱ्यात घासू लागले होते, ते मी दमट हवेमुळे फुगले असे समजत होतो. त्या दिवशी ते दार वेगळ्या नजरेने पाहिले: डेक दबून चौकटीवर आले होते.

जानेवारीत काठी उतरवली आणि तिच्या बुडाशी सुमारे ४० सेंटिमीटर चौरस डेकचा वरचा थर कापून काढला. बोटीच्या बाकी डेकमध्ये फायबरग्लासच्या थरांच्या मधे बाल्सा हे हलके लाकूड आहे, पण काठीखाली प्लायवूड घातलेले होते. दिव्याच्या वायरीच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपून त्या प्लायवूडचा उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा लगदा झाला होता. चमच्याने खरवडून तो बादलीत काढला, तेव्हा बोटांमधून तपकिरी पाणी गळत होते. चारही तारांचा ताण मिळून काठीच्या बुडावर एक टनाहून अधिक दाब येतो, आणि तो इतके दिवस या लगद्यावर आणि वरच्या पातळ थरावर पेलला जात होता. त्यावर मी आणखी ताण देत राहिलो, ही माझी गंभीर चूक होती.

त्या जागी लाकूड पुन्हा घातले नाही. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत बसवून भरीव ठोकळा तयार केला. एकदम जाड भरले तर इपॉक्सी तापते, म्हणून चार-पाच थर लावायचे, थंड होऊ द्यायचे आणि मग पुढचे, असे केले. इपॉक्सी घट्ट करणारा हार्डनरही संथ वापरला. वरचा थर परत बसवताना कडा एकास बाराच्या उताराने घासून घेतल्या, हे काम कंटाळवाणे असले तरी जोडाची मजबुती त्यातच असते. वायरीचे भोक मोठे करून इपॉक्सीने बुजवले आणि त्यातून नवे पाडले. चेनप्लेटची झाकणे ब्यूटिल टेपवर, म्हणजे पाणी रोखणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर बसवली.

मार्चच्या मध्यावर ताण पुन्हा ३०० किलो केला. दहा आठवडे झाले, दुपारनंतरच्या वायव्येच्या वाऱ्यात बोट अनेकदा चांगली कलंडवून चालवली, आणि शेवटचे वाचन २९० आले. संडासाचे दार आता एका बोटाने बंद होते.

गेजबद्दल तक्रारीही आहेत. स्प्रिंगवर दुसऱ्याच महिन्यात गंजाचे ठिपके आले. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसल्यावर ते वाढायचे थांबले. तक्ता फक्त १×१९ तारेसाठी आहे. उन्हाने ॲल्युमिनियमची काठी पोलादी तारेपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भर दुपारी तोच ताण दहा-पंधरा किलोंनी वाढलेला दिसतो. म्हणून मी सकाळी आठच्या आत, तारेवर चिकटपट्टी लावलेल्या त्याच जागी वाचन घेतो आणि तारखेसह वहीत लिहितो. वही नसती तर गेज असूनही मला काही उमगले नसते. ज्यांना गेज महाग वाटते त्यांनी २ मीटरची पट्टी तारेला एका टोकाला बांधून दुसऱ्या टोकाशी तार किती मिलिमीटर ताणली जाते ते मोजावे. वेळ जास्त लागतो, पण उत्तर तितकेच भरवशाचे मिळते.

उजव्या बाजूच्या डेकवर कठड्याच्या दुसऱ्या खांबाशी प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकल्यावर अजून बद्द आवाज येतो, म्हणजे आत ओल असावी. तिथला बाल्सा पावसाळा संपून हवा कोरडी झाली की उघडायचा आहे. तोपर्यंत त्या खांबाचे बोल्ट काढून भोके झाकून ठेवली आहेत.