दोन टीबीच्या डबीतलं चौसष्ट जीबीचं कार्ड

लग्नाचे व्हिडिओ, बारशाचे फोटो, दहा वर्षांचा मोबाइलचा बॅकअप असा सगळा मिळून २५० जीबीचा ऐवज नव्या डबीवर, म्हणजे फायली साठवायच्या पोर्टेबल एसएसडीवर, कॉपी होतो. कुठे अडखळत नाही, तक्रारीची खिडकी येत नाही. फोल्डर उघडला तर फायलींची नावं जागेवर, तारखा बरोबर, आकारही बरोबर. मग लॅपटॉपवर जागा व्हावी म्हणून मूळ फायली पुसल्या जातात. दोन-तीन आठवड्यांनी घरातलं कोणीतरी व्हिडिओ लावायला जातं आणि तो लागत नाही. काही फोटो अर्धे उघडतात आणि खाली राखाडी पट्टा दिसतो, बाकीचे उघडतच नाहीत.

ऑनलाइन जाहिरात पाहून हजार-दीड हजारात मागवलेल्या ‘२ टीबी पोर्टेबल एसएसडी’ची फसवणूक अशी उघडी पडते. तोवर परतीची मुदत संपलेली असते. पैशांचं दुःख कमी, फायलींचं जास्त, कारण त्या डबीवरून परत काढता येत नाहीत. बहुतेक फायली त्या डबीत कधी साठवल्याच गेलेल्या नसतात.

डबीचं झाकण नखाने किंवा पातळ प्लास्टिकच्या पट्टीने निघतं. आत बोटभर लांबीची हिरवी किंवा काळी पट्टी, तिच्या एका टोकाला यूएसबीचं तोंड आणि मधोमध मोबाइलमध्ये घालतो तसं मायक्रो एसडी कार्ड, गरम गोंदाने चिकटवलेलं. उरलेली डबी रिकामी. हाताला भरीव लागावी म्हणून काहींत लोखंडाचा तुकडाही चिकटवतात. यूएसबीच्या तोंडातलं प्लास्टिक निळं असतं, म्हणजे दिसायला यूएसबी ३, पण आतली जोडणी यूएसबी २ची. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका सुरक्षा-संशोधकाने ‘३० टीबी’ म्हणून विकली जाणारी अशीच डबी उघडली, तेव्हा आत जेमतेम ५१२ एमबीची दोन कार्डं निघाली. संगणकाला मात्र त्यातलं प्रत्येक कार्ड १५ टीबीचं असल्याचं सांगितलं जात होतं.

संगणक हे खरं का मानतो, ते नीट समजून घेतलं पाहिजे. ड्राइव्हमध्ये किती जागा आहे हे विंडोज स्वतः मोजत नाही. ते ड्राइव्हच्या कंट्रोलरला, म्हणजे आतल्या नियंत्रक चिपला, विचारतं आणि कंट्रोलर जो आकडा सांगेल तो स्वीकारतं. त्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्यात भरलेला प्रोग्राम, बदललं की ६४ जीबीचं कार्ड बेधडक २ टीबी सांगतं. फायलींची नावं, तारखा आणि आकार यांचं कोष्टक ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिलं जातं. तो भाग खराच असतो, म्हणून यादी शाबूत दिसते. खरी जागा संपल्यावर येणारा डेटा काही डब्या सरळ टाकून देतात, तर काही आधी लिहिलेल्यावरच पुन्हा लिहितात. दोन्ही प्रकारांत कंट्रोलर संगणकाला ‘लिहिलं’ असंच कळवतो. क्विक फॉरमॅट केल्यानेही यातलं काही कळत नाही, कारण त्यात फक्त कोष्टक नव्याने मांडलं जातं.

म्हणून एकच चाचणी भरवशाची आहे: ड्राइव्ह पूर्ण भरायचा आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळायचं. तीसुद्धा डबी हातात आल्यावर त्याच दिवशी, स्वतःची एकही फाइल तिच्यावर टाकायच्या आधी.

विंडोजवर यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा, फुकट प्रोग्राम आहे. जर्मनीतल्या ‘सेटे’ (c't) या संगणकविषयक मासिकाच्या मंडळींनी तो केला. सुरू झाल्यावर आधी भाषा इंग्रजी करा, मग टार्गेट म्हणून नवी डबी निवडा. ड्राइव्हचं अक्षर दोनदा पाहा, नाहीतर चाचणीच्या फायलींनी भलताच ड्राइव्ह भरेल. सगळी उपलब्ध जागा वापरण्याचा पर्याय ठेवा आणि लिहा-आणि-पडताळा हे बटण दाबा. प्रोग्राम एकेक जीबीच्या फायली लिहीत जातो. लिहून झाल्यावर डबी सुरक्षितपणे काढून पुन्हा जोडा आणि फक्त पडताळणी आणखी एकदा चालवा. त्यामुळे डेटा संगणकाच्या मेमरीतून नव्हे, खरोखर डबीतून वाचला जातो. ड्राइव्ह खरा असेल तर शेवटी हिरव्या खिडकीत चाचणी विनाचूक झाल्याचा निरोप येतो. खोटा असेल तर लाल खिडकीत किती जीबी ठीक आणि किती खराब हा हिशोब येतो. ५८ किंवा ६० जीबी ठीक आणि १.७ टीबी खराब असं दिसलं की आत काय आहे ते डबी न उघडताच कळतं.

वेळ किती लागेल याचा अंदाज आधी घ्या. १ टीबीचा खरा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबीने लिहीत असेल तर लिहायला साधारण ४२ मिनिटं लागतात आणि वाचायला तेवढीच. यूएसबी २ची डबी सेकंदाला ३५ ते ४० एमबीच्या वर जात नाही आणि आतलं स्वस्त कार्ड तर बरेचदा १०-२० एमबीवरच रेंगाळतं. त्या गतीने २ टीबी भरायला दिवस उलटतो. पण एवढं थांबायची गरज नाही. आधी १५० जीबीपुरती मर्यादा घालून चाचणी करा. बहुतेक खोट्या डब्या तेवढ्यातच पकडल्या जातात. ती पार पडली तरच पूर्ण चाचणी रात्रभर लावून ठेवा. मॅक आणि लिनक्सवर हेच काम एफ३ करतं, त्यात एफ३राइटने लिहायचं आणि एफ३रीडने वाचायचं. एवढं लिहून नवा ड्राइव्ह झिजेल अशी भीती बाळगू नका. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला साधारण ६०० टीबी लेखनाची हमी असते, त्यातलं एक टीबी म्हणजे सहाशेवा हिस्सा.

किंमत हीच पहिली खूण आहे आणि तिच्याकडेच लोक डोळेझाक करतात. एसएसडीच्या किमतीचा मोठा भाग आतल्या फ्लॅश चिपचा असतो. ती कोणालाही फुकट मिळत नाही, त्यामुळे नामांकित कंपनीच्या २ टीबीच्या दहाव्या हिश्श्यात २ टीबी देणं कोणालाच परवडणार नाही. मॉडेलचं नावही कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. सॅमसंगने ‘१०८० प्रो’ नावाची एसएसडी कधीच काढली नाही, तरी त्या नावाच्या पट्ट्या बाजारात विकल्या गेल्या.

दुसरी फसवणूक घरच्या संगणकात बसवायच्या एसएसडीची आहे. ती जास्त सफाईने होते, कारण इथे क्षमता खरी असते. जुना, सर्व्हरमधून किंवा मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधून आलेला ड्राइव्ह नव्या वेष्टनात घालून नवा म्हणून विकतात. लॅमिंग्टन रोडवर, तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही ऑनलाइन बाजारात घेताना वेष्टन फोडण्यापासून ड्राइव्ह जोडून पाहीपर्यंत मोबाइलवर सलग चित्रण करा. मग ड्राइव्ह हातात घेऊन उजेडात पाहा. एम.२ पट्टीच्या (मदरबोर्डवर बसणाऱ्या चपट्या एसएसडीच्या) टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर उभे ओरखडे असतील, तर ती आधी कुठेतरी घातली-काढलेली आहे. दुसऱ्या टोकाच्या अर्धगोल खाचेपाशी स्क्रूच्या डोक्याने उमटलेली कड दिसते का पाहा. लेबलवर उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडचा तेलकट डाग असला तर नवेपणाचा प्रश्नच संपला.

जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. नव्या ड्राइव्हवर चालू राहिलेले तास शून्य किंवा एक-दोन, चालू केल्याची संख्या मोजकी आणि एकूण लेखन फार तर काही जीबी दिसलं पाहिजे. ३,००० तास आणि २० टीबी लेखन दिसत असेल, तर दुकानदार कितीही ‘टेस्टिंगला लावला होता’ म्हणाला तरी ऐकू नका. स्मार्टकंट्रोल (smartctl) या आज्ञेने पाहत असाल तर एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीच्या, ड्राइव्हचं लेखन ‘डेटा युनिट’मध्ये येतं. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट, त्यामुळे २० लाख युनिट म्हणजे साधारण १ टीबी.

हे आकडे पुसताही येतात. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांच्या नेहमीच्या स्मार्ट नोंदीत (ड्राइव्ह स्वतःच्या वापराची ठेवतो ती) तास शून्य होते, पण दुसऱ्या, खोलवरच्या नोंदीत हजारो तास सापडले. स्वस्त एसएसडी कंट्रोलरची कारखान्यातली सॉफ्टवेअर बाहेर फिरत असतात आणि त्यांनी हेच करता येतं. म्हणून शून्य दिसलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. लेबलवरचा, खोक्यावरचा आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा असे तीनही अनुक्रमांक जुळले पाहिजेत. तोच क्रमांक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली किंवा क्रमांकच अस्तित्वात नाही असं आलं, तर तिथेच व्यवहार मोडा. सॅमसंगचा ड्राइव्ह असेल तर मॅजिशियन हे त्यांचंच सॉफ्टवेअर तो अस्सल आहे का ते सांगतं.

दुकानात होणारी आणखी एक चलाखी म्हणजे एनव्हीएमईचे पैसे घेऊन जुन्या, धिम्या साटा जोडणीची एम.२ पट्टी देणं. आकार तोच, पण साटाची गती सेकंदाला ५५० एमबीपाशी थांबते, तर तिसऱ्या पिढीच्या चांगल्या एनव्हीएमईची ३,५००पर्यंत जाते. साटा पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एकच. काही जुन्या, धिम्या एनव्हीएमईलाही दोन असतात, म्हणून अंतिम निवाडा क्रिस्टलडिस्कइन्फोच्या ‘इंटरफेस’च्या ओळीवरच करा.

नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचे प्रकार मोठ्या कंपन्यांनीही केले आहेत. २०२१मध्ये डब्ल्यूडी ब्लू एसएन५५०ची फ्लॅश बदलली आणि कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरल्यानंतरची लेखनगती सेकंदाला ६१०वरून ३९० एमबीवर आली. त्याच वर्षी क्रूशियल पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर (पेशीत चार बिट, म्हणून धिम्या फ्लॅशवर) गेली. तेव्हा जुन्या परीक्षणाची तारीख पाहिल्याशिवाय त्यातले आकडे धरू नका. याउलट १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४च्या, एवढाच तो फरक.

बिल पक्कंच घ्या, दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि ड्राइव्हचा अनुक्रमांक त्यावर हवा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ने सुरू होतो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असली पाहिजे. ती नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे आणि भारतात त्याची वॉरंटी बहुतेकदा चालत नाही. फसलात तर चाचणीच्या लाल खिडकीचा फोटो आणि वेष्टन फोडतानाचं चित्रण जोडून आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन भरले आणि संकेतस्थळच गायब झालं असेल तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

ज्यांनी खोटी डबी आधीच भरली आहे त्यांनी तिच्यावर आणखी काहीही लिहू नये. सगळ्यात आधी टाकलेल्या फायली बहुधा शाबूत असतात, त्या लगेच दुसरीकडे काढा. मग मूळ जागा तपासा: रिसायकल बिन, आणि गूगल फोटोजची कचरापेटी, जिथे बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. मूळ फायली हार्ड डिस्कवर किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावर होत्या, तर त्यावर नवं काही न टाकता फोटोरेक हा पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवून पाहा. लॅपटॉपच्या एसएसडीवरून पुसल्या असतील तर आशा कमी, कारण फाइल पुसली की विंडोज ट्रिम आज्ञा देतं आणि ड्राइव्ह तो भाग रिकामा करतो. लग्नाचं चित्रीकरण गेलं असेल तर आधी फोटोग्राफरला फोन लावा. अनेकजण मूळ फायली काही महिने ठेवतात आणि नव्या हंगामाच्या तोंडावर डिस्क मोकळी करतात.