कणकवलीतली महिन्यातून एकदाची सांधेविकार ओपीडी

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या, आठवडाभर ताटात तारली होती आणि एका रात्री उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की चादरीचा स्पर्श सोसेना. तीन वर्षांत चौथी खेप. आधी प्रत्येक वेळी 'जंतुसंसर्ग' म्हणून अँटिबायोटिक मिळालं. आठ-दहा दिवसांत दुखणं आपसूक उतरायचं, आणि मला वाटायचं गोळ्यांनी उतरलं. देवगड बंदरावर लिलावाला दिवसभर उभं राहतो मी. पाय गेला तर धंदा गेला.

या वेळी पुतण्या कणकवलीला घेऊन गेला. सांधेविकाराच्या डॉक्टर मॅडम कोल्हापूरहून येतात. तीन तास ताटकळलो, बाकडी अपुरी. पण आत गेल्यावर त्यांनी अजिबात घाई केली नाही. सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं. त्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक निघाले. गाऊट! रक्तातलं प्रमाण मात्र त्या दिवशी नॉर्मल. "दुखणं भरात असताना ते फसवतं," म्हणाल्या. दोन आठवड्यांनी 8.9 (मिलिग्रॅम, दर डेसिलिटरला) आलं. 6.8 च्या वर गेलं की ते विरघळून राहत नाही, आणि पायाचा अंगठा थंड, म्हणून स्फटिक तिथे धरतात.

जंतू नाहीत तर एवढी सूज कसली, मी विचारलं. म्हणाल्या, अंगात जन्मापासूनचा पहारा असतो. पहारेकरी पेशीने स्फटिक गिळला की तिच्यात इन्फ्लमासोम नावाचा प्रथिनांचा संच जुळतो, इंटरल्युकिन-1 बीटा हे सूज भडकवणारं प्रथिन सुटतं आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. पुतण्या बायोटेकचा, त्याने जीन थेरपीचं, म्हणजे पेशीत जनुक घालून करायच्या उपचाराचं, काढलं. बाहेर गर्दी असूनही मॅडमनी सांगितलं: जनुक पोचवायला विषाणू वापरतात, पहारा त्यालाही शत्रूच धरतो. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा अशा उपचाराच्या चाचणीत विषाणू टोचल्यावर अशाच भडक्याने चार दिवसांत गेला. माझा धाकटा त्याच वयाचा. परतताना गाडीत मी बोललोच नाही.

कोल्चिसिन या औषधाने दोन दिवसांत चप्पल घालता आली. हेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं, पण ती विषारी. घरी मुळी उगाळण्याच्या फंदात कोणी पडू नये. युरिक अ‍ॅसिड कमी करायची गोळी 100 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवताहेत. तारली-बांगडा बंद नाही, कमी. बिअर बंद.

अडचण एकच: मधल्या दिवसांत दुखलं तर फोन उचलायला कोणी नसतं. ती सोय हवीच. आठच्या आत नंबर लावा, आणि जुने सगळे रिपोर्ट न्या.